डब्यात परत टाकलेली चिठ्ठी

बंगळूरहून परतल्याला पाच आठवडे झाले. मिरजेच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत जो भेटतो तो विचारतो, "उपदेश कसा झाला तिकडे?" चांगला झाला. लोकांनी माना डोलावल्या, दोघांनी मोबाईलवर रेकॉर्डही केला. पण त्या शहरात मी पाच दिवस होतो आणि उपदेश चाळीस मिनिटांचा होता. उरलेल्या वेळात काय झालं ते कुणी विचारत नाही, म्हणून लिहून काढतो. तुमच्यापैकी बहुतेक जण तिकडे गेलेले नाहीत. पुढेमागे गेलात तर त्या लोकांना माझी ओळख सांगू नका, असं आधी लिहिणार होतो. सांगा. त्यांना सगळं माहीत आहे.

शनिवार

आधी थोडं माझ्याबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. माझे वडील शाळामास्तर. सुट्टीत ते चार पानी पत्रिका छापून घेत आणि एस.टी. स्टँडवर वाटत. तंबाखूवर एक, पत्त्यांवर एक, लॉटरीवर एक, देवळात कौल लावण्यावर एक, उपासनेला दांडी मारण्यावर एक. प्रत्येकीच्या शेवटी वाचकाला सरळ प्रश्न असे: "तुझं काय?" मी अक्षरं त्यांतच गिरवली आणि अठराव्या वर्षापासून तशाच पत्रिका लिहितो. गेल्या वर्षीची 'देवाला तयार माणसं हवीत' बऱ्यापैकी फिरली. तिचं म्हणणं थोडक्यात असं: देव आज आकाशातून हात खाली घालत नाही. कुणाला भाकर द्यायची असेल, कुणाचं दार उघडायचं असेल, तर तो शेजाऱ्याला उठवतो. शेजारी "बघू" म्हणाला की देवाचं काम तिथेच अडतं.

ती वाचून बंगळूरच्या मराठी मंडळीने मला बोलावलं. स्टेशनवर प्रकाश अण्णा घ्यायला आले होते. मूळचे बेळगावकडचे, कारखान्यातून निवृत्त झालेले, हातात छत्री आणि पायात बूट. मंडळीला पाळक नाही, त्यामुळे सगळं अण्णाच बघतात.

"सलाम, सलाम. प्रवास सरी झाला न्हवं? बॅग इकडं आण. स्वल्प चालायचं हाय." सरी म्हणजे ठीक, स्वल्प म्हणजे थोडं.

बॅगेत पाचशे पत्रिका होत्या. अण्णांनी ती उचलली आणि खाली ठेवली. "दगड आणलास की काय रे?"

रिक्षातून उतरताना मी रिक्षावाल्याला एक पत्रिका दिली. त्याने ती दोन्ही बाजूंनी निरखली, अण्णांना काहीतरी विचारलं आणि घडी घालून खडखडणाऱ्या आरशाच्या फटीत घट्ट बसवली. आरसा थांबला. "वाचता येत नाही, पण कागद जाड हाय म्हणतोय," अण्णा म्हणाले. मी हसलो नाही. तेव्हा मला अशा गोष्टींवर हसू येत नसे.

ही मंडळी बसवनगुडीच्या कडेला, एका तमिळ मंडळीच्या हॉलमध्ये भरते. दर रविवारी चार ते सहा हॉल त्यांचा. मागे पाहुण्यांसाठी एक खोली आहे, तिथे माझी सोय होती. बसवनगुडी म्हणजे जुन्या बंगळूरचा भाग. रस्त्यावर दोन्हीकडून झाडं अशी वाकलेली की जानेवारीतल्या दुपारीही अंगावर सावली. घराघरापुढे रांगोळी, कोपऱ्याकोपऱ्यावर फुलवाल्या, आणि त्या दिवसांत जिकडे पाहावं तिकडे अवरेकाईचे ढीग. आपल्या पावट्यासारख्या या शेंगा तिथे थंडीत येतात आणि सगळं शहर महिनाभर दुसरं काही खात नाही, असं वाटतं. उपम्यात त्या, भातात त्या, फरसाणातसुद्धा त्या.

हॉलची राखण सेल्वीअक्का करतात. पन्नाशीच्या, बुटक्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. तमिळ बोलतात, कन्नड बोलतात, आणि माझ्याशी मोडकं हिंदी. मी चहा मिळेल का विचारलं.

"चाय नहीं, तंबी. कॉफी." तंबी म्हणजे धाकटा भाऊ. एवढं बोलून त्यांनी स्टीलचा पेला माझ्यापुढे ठेवला, आणि तो प्रश्न पाचही दिवसांसाठी मिटला.

रविवार

चाळीसेक माणसं आली. त्यांच्यात दोन तऱ्हा लगेच दिसतात. एक निपाणी-बेळगावकडून दोन पिढ्यांपूर्वी आलेली घरं, बोलताना निम्मं कन्नड, एकमेकांना अण्णा-अक्का. दुसरी पुण्या-नागपूरहून आलेली आयटीतली पोरं. त्यांच्यातली रोहिणी महादेवपुऱ्याहून दोन मेट्रो बदलून येते. ती म्हणाली, "ब्रदर, तुमची पत्रिका आमच्या ग्रुपवर फुल व्हायरल आहे. फक्त पीडीएफ ब्लर आहे, सो कुणी वाचली नाहीये."

मी 'तयार माणसं' याच विषयावर बोललो. मी तापलो की आवाज चढतो. तो चढलेला असतानाच शेवटच्या बाकावरचा एक म्हातारा उभा राहून मोठ्याने म्हणाला, "पिन कोड? पिन कोड काय?" लोक हसले. शेजारच्या बाईने त्याचा हात धरून त्याला हळूच बाहेर नेलं. माझा धागा तुटला. मला राग आला आणि मी तो पुढच्या वाक्यांत वापरला.

उपदेश संपला तसा अण्णांनी बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आणला. ही त्या मंडळीची पद्धत आहे. ज्याला काही मदत हवी तो चिठ्ठीवर लिहून, नाव न घालता, येताना डब्यात टाकतो. उपासनेनंतर डबा फिरतो, डोळे मिटून प्रत्येकाने एक काढायची. चिठ्ठी मोठ्याने वाचायची नाही, कुणाला सांगायची नाही, उलट फोनसुद्धा करायचा नाही. ठरल्या वेळी जाऊन उभं राहायचं. कुणाला गॅस सिलिंडर वर चढवून हवा असतो, कुणाच्या पोराचं गणित कच्चं असतं. चिठ्ठ्या कमी असतील तर उरलेल्यांना कोरे कागद येतात.

मला हे बघून धक्का बसला. आमच्या घरी सोडत आणि कौल या दोन शब्दांवर दोन स्वतंत्र पत्रिका होत्या. मी तिथेच बोललो.

"अण्णा, माफ करा, पण हा कौल लावण्याचाच प्रकार झाला. देवाची इच्छा डब्यातून काढायची?"

"कौल कुठला रे. कामाची वाटणी हाय ही."

"मग सरळ वाटून द्या. चिठ्ठ्या कशाला?"

"वाटून दिलं की ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्याच गळ्यात पडतं सगळं," अण्णा म्हणाले. "आमी करून बघितलंय ते. तू पाहुणा हाईस, तुला सूट. नको असली तर आत्ता सांग, मी घेतो."

चाळीस माणसं बघत होती. मी चाळीस मिनिटं 'तयार असा' म्हणून ओरडलो होतो. "नको कशाला? घेतो," असं म्हणून मी हात घातला.

बाहेर फणसाच्या झाडाखाली चिठ्ठी उघडली. अक्षर सुवाच्य होतं.

"मंगळवारी सकाळी आठ ते एक बाबांजवळ बसायला कोणीतरी हवं. मला दवाखान्यात गाठीच्या तपासणीसाठी जायचं आहे, दोनदा पुढे ढकललं आहे. बाबा आता फक्त मराठी बोलतात, दुसरी भाषा ऐकली की घाबरतात. त्यांना बाथरूमला न्यावं लागतं." खाली पत्ता होता. तिथून दोन गल्ल्या सोडून.

माझं परतीचं तिकीट बुधवारचं होतं. मंगळवारी मला पत्रिकेची कन्नड आवृत्ती छापण्यासाठी गांधी बाजारजवळच्या एका प्रेसवाल्याला भेटायचं होतं, तेही असं की कधीही भेटलं तरी चाललं असतं. म्हणजे वेळ होता. मराठी येत होतं. घर जवळ होतं. मी चिठ्ठी पुन्हा वाचली आणि शेवटच्या वाक्यावर थांबलो. परक्या म्हाताऱ्याला बाथरूमला नेणं. त्याचं धोतर सोडणं, त्याला धुणं. मला किळस आली.

मग मला माझी तत्त्वं आठवली. हे मी मुद्दाम याच क्रमाने लिहितोय. आधी किळस आली, मग तत्त्वं आठवली. ही सोडत आहे, मी सोडतीत भाग घेऊ शकत नाही, घेतला ही माझी चूक, आणि चूक दुरुस्त केलीच पाहिजे. इथल्याच कुणी तरी जाणं जास्त योग्य. कॉफीच्या वेळी सगळे चिवड्याभोवती गोळा झाले होते आणि डबा टेबलाच्या टोकाला उघडा पडला होता. मी चिठ्ठी घडी घालून त्यात परत टाकली आणि झाकण लावलं. कुणी पाहिलं नाही. रात्री मला चांगली झोप लागली.

सोमवार

रोहिणीने सुट्टी काढून मला शहर दाखवलं. महादेवपुऱ्यात काचेच्या इमारती आणि त्यांच्या पायाशी पाण्याचे टँकर. दुपारी कोरमंगल्यात तिच्या मैत्रिणीच्या पीजीत गेलो. एका मजल्यावर चौदा मुली, जिन्यात स्कूटरची हेल्मेटं. खालच्या खानावळीत सात-आठ मराठी मुलंमुली जमली. तिथेही मी बोललो. नागपूरच्या एका मुलाने विचारलं, "पण दादा, देवाचं काम कोणतं अन् आपलं कोणतं हे कळणार कसं?"

मी म्हणालो, "समोर आलं की कळतं."

त्याने ते वहीत लिहून घेतलं. सांबार गोड होतं. आपल्याकडे आमटीत गूळ घालतात, पण तिथला गोडवा वेगळा, तो घशाशी रेंगाळतो. त्याबद्दल मी बराच वेळ विनोद केले.

मंगळवार

सकाळी साडेसातला सेल्वीअक्कांनी दार वाजवलं. एका हातात कॉफी, दुसऱ्या हातात घडी घातलेला कागद.

"तंबी, ये पढ़ो. मराठी है ना? डब्बा धोने निकाला तो अंदर था. डब्बे में कभी नहीं रहता."

मी चिठ्ठी हातात घेतली. माझ्याच घडीची सुरकुती तिच्यावर होती. मी हिंदीत सांगितलं: आठ ते एक, बापाजवळ बसायचं, मुलीला गाठ दाखवायला हॉस्पिटलला जायचंय, बाप फक्त मराठी बोलतो. बाथरूमचं वाक्य मी गाळलं.

"किसको मिला था ये?"

"पता नहीं," मी म्हणालो.

"कोई भूल गया." त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. आठला वीस मिनिटं होती. "घर किधर?"

मी पत्ता वाचला.

"अरे, वो तो पोस्टमन तात्या का घर. सुमतीअक्का. परसों आए थे ना दोनों, तुम चिल्ला रहे थे तब." त्यांनी किल्ल्या कमरेला खोचल्या. "सरी. मैं जाती हूँ."

"अक्का, तुमको मराठी नहीं आती."

"नहीं आती. बैठना तो आता है."

त्या बाई आमच्या मंडळीच्या नव्हत्या. मराठी उपासनेतला एक शब्द त्यांना कळत नव्हता, आणि हॉल झाडायचा तसाच राहिला होता. त्या फाटकातून बाहेर पडेपर्यंत मला तोंड उघडायला वेळ होता. मी ते उघडलं नाही. कॉफी प्यायलो.

नऊ वाजता मी प्रेसमध्ये होतो. प्रेसवाले वयस्कर गृहस्थ, कपाळावर भस्माचे पट्टे, बोलायला सौम्य. पत्रिकेत काय आहे ते त्यांनी हिंदीतून समजावून घेतलं आणि खरोखरच्या कुतूहलाने विचारलं, "अच्छी बात है. ऐसे लोग मिलते हैं आपको?"

"मिलते हैं."

"कहाँ?"

मी त्यांच्या टेबलावरचे कागदाचे नमुने चाळले. मग कागद कोणता ते ठरवून येतो असं काहीतरी पुटपुटून बाहेर पडलो आणि त्या पत्त्याच्या दिशेने चालायला लागलो. धावलो असतो तर बरं दिसलं असतं, पण मी चाललो. मधल्या चौकात उभा राहून परत फिरावं असंही एकदा मनात आलं.

सव्वादहाला पोचलो. दार उघडंच होतं. जमिनीवर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर अवरेकाईच्या शेंगांचा ढीग. एका बाजूला सेल्वीअक्का, दुसऱ्या बाजूला रविवारचा तो म्हातारा, पाय पसरून, चष्मा नाकावर. सुमतीताई घरात नव्हत्या.

अक्कांनी मला बघून आश्चर्य दाखवलं नाही. शेंगा सोलत हळू आवाजात सगळं सांगितलं. त्या आठच्या आधीच आल्या होत्या. त्यांनी कन्नडमध्ये नमस्कार केला तेवढ्याने म्हातारा बिथरला. मराठीत काहीतरी ओरडला आणि मोरीत जाऊन आतून कडी लावून बसला. चाळीस वर्षं याच शहरात टपाल वाटलेला माणूस. स्वतःच्या मुलीपेक्षा चांगलं कन्नड बोलायचा, तमिळही यायचं. आजारपणात सगळ्या भाषा एकेक करून गेल्या आणि लहानपणीची तेवढी उरली. सुमतीताईंनी दाराबाहेरून तासभर विनवण्या केल्या. त्या त्याला तसं सोडून जाईनात. तेव्हा अक्का खाली जाऊन हातगाडीवरून दोन किलो शेंगा घेऊन आल्या आणि कुणाकडे न बघता, एक शब्द न बोलता, मधल्या खोलीत सोलत बसल्या.

"आवाज सुना. टप, टप. दरवाज़ा खोला, बाहर आया, बैठ गया. तब सुमतीअक्का गई. दस बजे." त्यांनी एक दाणा पातेल्यात टाकला. "टाइम नौ का था. उसका इधर गाँठ है, तंबी. तीन महीने से." त्यांनी कोपराने स्वतःच्या छातीकडे खूण केली.

मी खाली बसलो. म्हाताऱ्याने चष्म्यावरून बघितलं. तो शेंगा सोलत नव्हता, टपाल लावावं तशा वेगळ्या करत होता. जाड, बारीक, किडक्या, असे तीन गठ्ठे. अक्का त्याच्या गठ्ठ्यांतून शेंगा उचलून सोलत होत्या.

"गाव?" त्याने मला विचारलं.

"मिरज."

"जिल्हा सांगली. वरच्या खणात." एक जाड शेंग वरच्या गठ्ठ्यात गेली. "मिरजेत कुठं?"

"किल्ल्याजवळ."

"जुनी बीट. कुत्री फार तिथं." तो खुदकन हसला. "बस की नीट. सकाळपास्नं माझ्याशी कोण बोलेना बघ."

दोन मिनिटं लागली. एवढंच लागणार होतं. कोणतीही कला नको होती, धैर्य नको होतं, तापलेला आवाज तर मुळीच नको होता. आठ वाजता दारात उभा राहून मी "तात्या, मी मिरजेचा," एवढं म्हटलं असतं, तर ती बाई नऊच्या आत डॉक्टरसमोर असती. पुढचा तासभर तात्यांनी मला निपाणीच्या बाजाराचे सगळे रस्ते सांगितले. सेल्वीअक्कांना त्यातलं काही कळत नव्हतं. तात्या हसले की त्याही हसत होत्या.

अकराच्या पुढे तात्या गप्प झाले आणि हलायला लागले. अक्का उठू लागल्या. मी म्हणालो, "मैं ले जाता हूँ."

चार-पाच मिनिटांचं काम होतं. पायजम्याची नाडी, पाण्याचा तांब्या, मग त्यांचे हात धुणं. तात्या माझ्या खांद्याला धरून उभे होते. म्हणाले, "तरास देतो रे तुला." मी त्यांचे हात पुसले.

एकनंतर सुमतीताई आल्या. पन्नाशीच्या, कडक इस्त्रीची साडी, हातात प्लास्टिकची फाईल. मला बघून त्यांचा चेहरा उजळला.

"तुम्ही? पाहुणे असून आलात? अण्णांनी सांगितलं वाटतं."

"तपासणी झाली?"

"नाही हो. डॉक्टरीणबाई ऑपरेशनला आत गेल्या होत्या. पुढच्या मंगळवारची वेळ दिली." त्या हसून म्हणाल्या, जसं काही बस चुकली होती. "चालायचंच. तुम्ही बाबांशी मराठी बोललात, केवढं बरं वाटलं असेल त्यांना."

तसंच राहू देता आलं असतं. त्यांनी मला चांगला माणूस ठरवून टाकलं होतं.

"ताई, चिठ्ठी माझ्याकडे आली होती," मी म्हणालो. "रविवारीच. मी ती डब्यात परत टाकली."

त्यांनी फाईल टेबलावर ठेवली. "वाचली होती?"

"हो."

"मग का?"

मला सोडतीबद्दल, कौलाबद्दल बोलता आलं असतं. वाक्यं तयार होती. "बाथरूमचं लिहिलं होतं म्हणून," मी म्हणालो.

अक्कांनी तमिळमध्ये काहीतरी विचारलं, ताईंनी कन्नडमध्ये दोन शब्दांत उत्तर दिलं. अक्कांनी माझ्याकडे बघितलं, सकाळचं 'पता नहीं' त्यांना आठवलं असणार, आणि पुन्हा शेंगा सोलायला घेतल्या.

"हात धुवा. जेवून जा," सुमतीताई म्हणाल्या.

ज्वारीची भाकरी आणि सोललेल्या दाण्यांची उसळ. घास गिळताना मी म्हणालो, "मी तिकीट बदलतो. पुढच्या मंगळवारी मी बसतो."

"नको. अक्का येईन म्हणाली आहे. बाबांना आता तिची सवय झाली." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला निवांत जेवता आलं असतं.

संध्याकाळी अण्णांना सगळं सांगितलं. त्यांनी छत्री कोपऱ्यात ठेवली.

"मी म्हटलेलं तुला. नको तर आत्ता सांग."

"लोकांसमोर लाज वाटली."

"आणि आता?"

मी बॅग भरायला घेतली.

"तो डबा का आणला माहिती हाय तुला? सुमतीसाठी. आधी कुणाचंही काही असलं की सगळे तिलाच सांगायचे आणि ती होय म्हणायची. बाप असा, शिवणकाम डोक्यावर, तरी होय. म्हणून डबा काढला, म्हटलं सगळ्यांना सारखं येऊ दे. चार वर्षं झाली. दर रविवारी ती चिठ्ठी काढती. आत टाकली ती ही पैली." अण्णा उठले. "आमाला कुणाला म्हाईत नव्हतं तिला गाठ हाय ते."

परतल्यावर

बुधवारी गाडीत बसलो. उरलेल्या पत्रिका बॅगेत होत्या. त्यांत छापलंय की माणूस तयार नसला की देवाचं काम अडतं. ते मी लिहिलं तेव्हा मला वाटे, आपण फार मोठी जबाबदारी माणसावर टाकतोय. खरं तर मी स्वतःला फार मोठा समजत होतो. देवाने माझ्यासाठी सगळं जुळवून ठेवलं होतं, वेळ, भाषा, दोन गल्ल्यांचं अंतर, आणि मी नाही म्हणालो. त्याचं काम अडलं नाही. तो जिला चिठ्ठी वाचताही येत नव्हती अशा बाईकडे गेला, आणि ती लगेच निघाली. माझ्या नकाराने त्याचं काही बिघडलं नाही. पण छातीत गाठ घेऊन सुमतीताईंना आणखी सात दिवस काढावे लागले. ते सात दिवस मी दिलेले आहेत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि पत्रिकेच्या चार पानांत त्या कशा बसवायच्या ते मला अजून सुचलेलं नाही.

पुढच्या मंगळवारी सेल्वीअक्का बसल्या, तपासणी झाली. अण्णांनी फोनवर कळवलं की गाठ चांगली नाही, पण लहान आहे, आणि डॉक्टरीणबाईंना आशा आहे. पुढच्या महिन्यात ऑपरेशन. ताई दहा दिवस दवाखान्यात असतील.

हे ऐकल्यावर मी दोन दिवस फोन हातात घेत आणि परत ठेवत राहिलो. मग सुमतीताईंना लावला आणि तात्यांजवळ बसायला एक दिवस मागितला. त्या म्हणाल्या, सगळे भरलेत. सकाळी अक्का, रोहिणी लॅपटॉप घेऊन दोन दिवस राहायला येणार, रात्री अण्णा. मी बरं म्हणालो. फोन ठेवणारच होतो.

"थांबा," त्या म्हणाल्या. "रविवार दुपार रिकामी आहे. सगळे उपासनेला जातात, अक्कालाही हॉल उघडायचा असतो. तीन ते सात. पण तुमची उपासना चुकेल."

मी म्हणालो, चालेल.

"कागद-पेन घ्या मग. बाबांचं सांगते." त्यांनी सावकाश सांगायला सुरुवात केली. चारची गोळी, चहात साखर नाही, खिडकीजवळची खुर्ची, घाबरले तर शेंगा किंवा जुनी पाकिटं पुढे ठेवायची. बाथरूमचं त्यांनी दोनदा सांगितलं. मी दोनदा लिहून घेतलं.